घरचा संगीत सर्व्हर : छोट्या कॉम्प्युटरवर आपलं गाणं



मुलांना चांगलं संगीत ऐकवायचं म्हणून आपण फोन हातात देतो. गाणं सुरू होतं, मध्येच जाहिरात येते आणि गाणं संपलं की पुढचं काय लावायचं ते फोनच ठरवतो. पाच मिनिटांत मूल भलतंच काहीतरी बघत बसतं. दुसरीकडे कपाटात कॅसेट आणि सीडी धूळ खात पडलेल्या असतात, कारण त्या वाजवायला यंत्रच उरलेलं नाही. या दोन्ही अडचणींवर एक चांगला उपाय आहे : फक्त संगीतासाठी राखून ठेवलेला एक छोटा कॉम्प्युटर.

सर्व्हर म्हणजे काय?

पंगतीतला वाढपी आठवा. तो स्वतः जेवत नाही, ज्याने जे मागितलं ते त्याच्या पानात वाढतो. सर्व्हरचं काम तसंच असतं. सगळी गाणी त्याच्याकडे साठवलेली असतात. घरातल्या कोणीही फोनवरून निवड करायची, की गाणं सर्व्हरला जोडलेल्या स्पीकरवर वाजतं. फोन इथे फक्त रिमोट असतो. गाणं लावून तो खुशाल बाजूला ठेवता येतो. गाणी घरातच असल्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी ती वाजतात.

कोणता कॉम्प्युटर घ्यावा?

या कामाला रास्पबेरी पाय उत्तम. मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने २०१२ मध्ये तो बाजारात आणला. त्याची पाटी साधारण ८५ × ५६ मिलिमीटरची, म्हणजे खिशात मावेल एवढी. आपल्याला मॉडेल ४ सोयीचं, कारण त्याला स्पीकरची साधी पिन बसते. मॉडेल ५ ला ती जागाच नाही, त्यामुळे वेगळं ध्वनी-कार्ड घ्यावं लागतं.

जुना डेस्कटॉपही चालतो, पण विजेचा हिशोब बघा. दिवसरात्र चालू ठेवला तर :

- पाय : ५ वॅट × २४ तास × ३० दिवस = ३.६ युनिट
- डेस्कटॉप (६० वॅट धरला तर) : ४३.२ युनिट

हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात जरूर द्या. मुलांना घरच्या बिलाशी जोडलेली उदाहरणं चटकन समजतात.

साहित्य

१. रास्पबेरी पाय ४ आणि त्याचा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर
२. १६ किंवा ३२ जीबीचं मेमरी कार्ड (सॉफ्टवेअरसाठी)
३. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह किंवा छोटी हार्ड डिस्क (गाण्यांसाठी)
४. घरचा राउटर आणि लॅन केबल
५. ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर

जोडणी

१. व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर डाउनलोड करा. मूळ आवृत्ती मोफत आहे, काही जादा सोयींना वर्गणी पडते. आपलं काम मोफत आवृत्तीत भागतं.
२. रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने ते मेमरी कार्डवर लिहा. कार्डवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.
३. कार्ड, लॅन केबल, पेन ड्राइव्ह आणि स्पीकर जोडा. मग वीज सुरू करा आणि काही मिनिटं थांबा.
४. त्याच राउटरवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये ‘व्होल्युमिओ डॉट लोकल’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका. पडद्यावर विचारलं जाईल तसं पुढे जा. आवाज कुठून हवा असं विचारलं की हेडफोन निवडा.

बंद करताना थेट बटण दाबू नका. आधी मेनूतून बंद करा. अचानक वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. म्हणूनच गाणी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवायची. कार्ड गेलं तरी गाणी राहतात.

किती गाणी मावतील?

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. फ्लॅक या प्रकारात साठवलं तर आवाजातलं काहीही न गमावता जागा साधारण निम्म्यावर येते. पाच मिनिटांचं गाणं ३० एमबी धरलं, तर १२८ जीबीत चार हजारांच्या आसपास गाणी बसतात.

खरं काम : नावं देणं

जोडणी एका दुपारी होते. वेळ लागतो तो गाण्यांना नीट नावं द्यायला. प्रत्येक फाइलमध्ये गायक, अल्बम, प्रकार असे रकाने असतात. एकाच गायिकेचं नाव एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजीत लिहिलं, तर सर्व्हरला त्या दोन गायिका वाटतात. एकच लिपी आणि एकच लेखन ठरवा. शास्त्रीय संगीतासाठी ‘प्रकार’च्या रकान्यात रागाचं नाव लिहा. मग ‘भूप’ निवडला की किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ आणि तुमच्याकडची भूपातली इतर गाणी एकत्र दिसतात. मुलांना एकाच रागाची वेगवेगळी रूपं सलग ऐकवायला याहून सोपी युक्ती नाही.

प्रहरांप्रमाणे याद्याही करा : सकाळी भैरव आणि तोडी, दुपारी सारंग, सूर्यास्ताला मारवा, रात्री बागेश्री आणि मालकंस. रागसमय पाठ करायची गरजच पडत नाही, कानाला त्याची सवय होते.

कॅसेट आधी उतरवा

सीडी थोडी थांबू शकते, कॅसेट नाही. फीत चिकटते, तुटते, तिला बुरशी लागते. कॅसेट प्लेअर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी जास्तीत जास्त उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे तो फाटणार नाही. एका तासाच्या कॅसेटला पूर्ण तास लागतोच.

विकत घेतलेली कॅसेट पुन्हा कुठेतरी मिळेल. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनातली गाणी दुसरीकडे कुठेही नसतात. सुरुवात त्यांच्यापासून करा. फाइलला म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष द्या. हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच विचारून घ्या.

शेवटच्या तीन सूचना

- सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर आणि शक्यतो वेगळ्या घरी ठेवा.
- सर्व्हर घरच्या नेटवर्कपुरताच ठेवा, बाहेरून इंटरनेटवर खुला करू नका.
- विकत घेतलेल्या सीडीची प्रत स्वतःच्या ऐकण्यासाठी ठेवा, वाटू नका.

यंत्र मोठ्यांनी जोडावं, पण याद्या आणि नावं मुलांकडे सोपवा. गाण्याला नाव द्यायचं तर ते आधी लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच. येत्या सुट्टीत एका कॅसेटपासून सुरुवात करून बघा.