श्राव्यातीत धातुजोडकाम
श्राव्यातीत धातुजोडकाम (अल्ट्रासॉनिक मेटल वेल्डिंग) ही उच्च वारंवारतेच्या यांत्रिक कंपनांच्या साहाय्याने धातू न वितळवता जोडण्याची पद्धत आहे. तिचा विकास १९५० च्या दशकात अमेरिकेत झाला. तांबे व ॲल्युमिनियम यांसारख्या भिन्न धातूंच्या पातळ पत्र्यांसाठी व तारांसाठी ती विशेष उपयुक्त ठरते.

कार्यपद्धती
दाबविद्युत स्फटिक विद्युत ऊर्जेचे साधारणपणे २० ते ४० किलोहर्ट्‌झ वारंवारतेच्या कंपनांत रूपांतर करतात. ही कंपने हॉर्न नावाच्या भागातून वरच्या पत्र्याकडे पोहोचतात. खालचा पत्रा ऐरणीवर स्थिर धरलेला असतो. प्लॅस्टिक जोडताना कंपने पृष्ठभागाला लंब असतात, तर धातूंच्या बाबतीत ती समांतर असतात. दाबाखाली झालेल्या घर्षणामुळे ऑक्साइडचा थर व मळ फुटून बाजूला सरतो आणि शुद्ध धातूंचे पृष्ठभाग थेट एकमेकांना चिकटतात. ही क्रिया बहुधा एका सेकंदाच्या आत पूर्ण होते.

भिन्न धातूंचे जोड
ॲल्युमिनियम सुमारे ६६०° से. तापमानाला, तर तांबे सुमारे १०८५° से. तापमानाला वितळते. दोन्ही वितळवून जोडल्यास त्यांच्यापासून ठिसूळ आंतरधातवीय संयुगे बनतात. त्यामुळे जोड तडकतो व त्याचा विद्युतरोध वाढतो. श्राव्यातीत पद्धतीत तापमान वितळबिंदूच्या खाली राहत असल्याने अशा संयुगांचा थर फारच पातळ राहतो. तांबे उष्णतेचे व विजेचे सुवाहक असल्याने रोध वितळजोडकामात उष्णता एका जागी टिकत नाही. ही अडचणही येथे उद्भवत नाही.

उपयोग
लिथियम-आयन विद्युतघटात ॲल्युमिनियम व तांब्याच्या वर्खाचे अनेक थर अग्रपट्टीला जोडण्यासाठी ही पद्धत वापरतात. सदोष जोडाचा रोध जास्त असल्याने तेथे उष्णता निर्माण होते व घटाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचतो. वाहनांच्या वायर हार्नेसमधील तारांचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक चिपमधील सूक्ष्म तारांची जोडणी हे अन्य उपयोग होत.

मर्यादा
ही पद्धत मुख्यतः एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांसाठी योग्य असून हॉर्नकडील पत्रा पातळ असावा लागतो. कठीण धातूंमुळे हॉर्नची झीज लवकर होते. ऊर्जा कमी पडल्यास जोड कच्चा राहतो, तर अधिक झाल्यास वर्ख फाटतो. शेजारी आधी केलेले जोडही कंपनांमुळे सैल होऊ शकतात. बाहेरून कच्चा व पक्का जोड सारखाच दिसू शकतो. म्हणून नमुन्याचे जोड सोलून पाहणे व विद्युतरोध मोजणे या चाचण्या घेतल्या जातात.