शिक्षणाचं कर्ज, फी आणि आयकर : कुणाला सवलत, कुणाला नाही

ताईंनो, मागच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "पोराच्या शिक्षणाला कर्ज काढलं की टॅक्स परत मिळतो म्हणे. एक एजंट कागद मागतोय, देऊ का?" दोन-तीन गटांत हाच विषय निघाला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. सरकार शिक्षणाचा खर्च परत देत नाही. ज्याच्या पगारावर किंवा धंद्यावर आयकर बसतो, त्याच्या करपात्र उत्पन्नातून काही रक्कम वजा होते आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. ज्याला करच बसत नाही त्याला मिळण्यासारखं काही नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांची गोष्ट इथेच संपते. पण कुणाचे मालक शिक्षक आहेत, कुणाची लेक पुण्यात नोकरीला लागली आहे. त्यांनी पुढचं वाचावं.

सवलती दोन आहेत. पहिली 80सी. मुलांच्या शाळा-कॉलेजची शिकवणी फी यात धरतात. जास्तीत जास्त दोन मुलं, शिक्षण भारतातलं आणि पूर्णवेळ. हॉस्टेल, बस, डोनेशन, डेव्हलपमेंट फी यात चालत नाही. एलआयसी, पीएफ सगळं धरून मर्यादा 1 लाख 50 हजार. आणि फी खरोखर आपण भरलेली पाहिजे. शासनाने माफ केलेल्या फीचा दावा करता येत नाही.

दुसरी 80ई, म्हणजे शैक्षणिक कर्जाचं व्याज. लक्षात ठेवा, फक्त व्याज, मुद्दल नाही. व्याजाला रकमेची मर्यादा नाही. कर्ज स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असावं. सवलत ज्याने कर्ज घेतलं आणि जो स्वतःच्या कमाईतून व्याज भरतो त्यालाच मिळते. एका घरात दादा बहिणीच्या नर्सिंगच्या कर्जाचे हप्ते भरतो. त्याचं मन मोठं, पण भावाला बहिणीच्या शिक्षणावर ही सवलत नाही. बहिणीला नोकरी लागून तिने स्वतः भरलं तर तिला मिळेल.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे गटातून घेतलेलं अंतर्गत कर्ज, सावकाराचे पैसे, मामाकडून उसने, यातलं काहीच 80ईमध्ये बसत नाही. त्यामुळे फीसाठी गटाकडे येण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. 4 लाखांपर्यंत बहुतेक ठिकाणी तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. घरचं उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाच्या व्याजावर केंद्राच्या अनुदानाचंही विचारा. ते सगळ्या कोर्सेसना नाही.

ही सवलत ज्या वर्षी पहिलं व्याज भरलं तिथून 8 वर्षं चालते. मुलगी शिकत असतानाच आपण थोडं थोडं व्याज भरलं तर घड्याळ तेव्हाच सुरू होतं. तरी आमचं म्हणणं, जमत असेल तर भराच. व्याजावर व्याज चढू देण्यापेक्षा ते बरं.

आता खरी मेख. या दोन्ही सवलती फक्त जुन्या करपद्धतीत आहेत. नवीन पद्धतीत त्या नाहीत, आणि आपण काही सांगितलं नाही तर नवीनच धरतात. पण घाबरू नका. 2025-26 या आर्थिक वर्षात नवीन पद्धतीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर शून्य आहे. समजा लेकीचा वर्षाचा पगार 9 लाख आणि कर्जाचं व्याज 60 हजार. जुन्या पद्धतीत 50 हजारांची प्रमाणित वजावट, 80सीचे पूर्ण दीड लाख आणि हे व्याज वजा करूनही तिला सुमारे 42 हजार कर येतो. नवीन पद्धतीत काहीच नाही. म्हणजे नुसत्या व्याजासाठी जुनी पद्धत निवडणं हा तोट्याचा सौदा. पगार मोठा, घराचं कर्ज, घरभाडं असं बरंच असेल तरच दोन्ही हिशोब मांडून बघावेत. जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं.

दावा करायचा तर बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या. त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं असावं. कर्ज खात्याचा नंबर, मंजुरीची तारीख जवळ ठेवा. फीच्या पावत्याही जपून ठेवा. 1 एप्रिल 2026पासून नवा आयकर कायदा आला आहे, त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत. फॉर्मवर 80ई दिसलं नाही तर गोंधळू नका.

राहिला एजंट. "कर्ज नसलं तरी दाखवतो, रिफंड आला की निम्मे माझे," असं कुणी म्हणत असेल तर उठून या. खोटा दावा पकडला की कर, व्याज आणि दंड पॅनकार्ड ज्याचं त्याच्याकडून वसूल होतो, एजंटकडून नाही. आयकराचा पासवर्ड आणि ओटीपी कुणाला देऊ नका. कुणाच्या घरी अशी नोटीस आली असेल तर लपवू नका, पुढच्या बैठकीला कागद घेऊन या, मिळून वाचू.