आनुवंशिक पॉलिप-विकार आणि आतड्याचा कर्करोग

एकाच घराण्यातील दोन-तीन माणसे ऐन तिशी-चाळिशीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने दगावली, की लोक नशिबाला बोल लावतात. अशा काही घराण्यांत या आपत्तीच्या मुळाशी एक सदोष जनुक असतो. त्यामुळे होणाऱ्या विकारास ‘फॅमिलियल अॅडिनोमॅटस पॉलिपोसिस’ म्हणतात. साधारणतः दहा हजारांत एकास तो आढळतो.

विकाराचे स्वरूप

मोठ्या आतड्याच्या अंतस्त्वचेवर उगवणाऱ्या लहान मांसल फुटव्यांना पॉलिप म्हणतात. उतारवयात अनेकांना एखाददुसरा पॉलिप असतो. या विकारात मात्र कुमारवयापासूनच ते शेकड्यांनी, कधी हजारांनी उगवू लागतात. एकेक पॉलिप कर्करोगात बदलण्याची शक्यता अल्पच. पण संख्याच इतकी मोठी, की उपचार न केल्यास पुढे कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. तो सरासरी चाळिशीच्या सुमारास जडतो.

पेशींच्या वाढीस आवर घालणारा ‘एपीसी’ हा जनुक पाचव्या गुणसूत्रावर असतो. तो १९९१ साली ओळखला गेला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आला, तरी विकार होतो. म्हणून प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते. मात्र काही रुग्णांत हा दोष नव्यानेच उद्भवतो. त्यांच्या घराण्यात पूर्वी कोणासही हा आजार नसतो. ‘एमयूटीवायएच’ या दुसऱ्या जनुकाशी निगडित अशाच विकारात दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो. नात्यातील विवाहांमुळे त्याची शक्यता वाढते.

लक्षणांची वाट पाहू नये

आरंभी कोणताही त्रास होत नाही. पुढे शौचावाटे रक्त वा आव पडणे, वारंवार जुलाब होणे, रक्तक्षयामुळे थकवा येणे ही लक्षणे दिसतात. रक्त पडले की मूळव्याध समजून घरगुती औषधे घेतली जातात आणि मोलाचा काळ निघून जातो.

म्हणून ज्या घराण्यात हा विकार ठाऊक आहे, तेथील मुलांची वयाच्या दहाव्या ते बाराव्या वर्षापासून दुर्बिणीद्वारे नियमित तपासणी करावी. रुग्णातील जनुकदोष निश्चित झाला असल्यास नातेवाइकांची रक्तचाचणीही करता येते. ज्याच्यात तो दोष नाही, त्याची या वारंवार तपासण्यांतून सुटका होते.

उपचार आणि पुढील काळजी

पॉलिप फार वाढले, की मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढणे हाच खात्रीचा उपाय होय. ती बहुधा विशीच्या आसपास करतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी १९७८ साली लहान आतड्याचीच पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे अनेकांना पोटावर कायमचे कृत्रिम शौचद्वार ठेवावे लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरही लहान आतड्याचा आरंभीचा भाग, जठर, थायरॉइड ग्रंथी आणि राखलेले गुदाशय यांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या आनुवंशिकतेविषयी सल्ला देण्याची सोय आहे. विवाह जुळणार नाही या भीतीने आजार लपविणारी कुटुंबे आजही आढळतात. परंतु रुग्णाने आपल्या भावंडांना व मुलांना वेळीच सांगितलेली एक गोष्ट त्यांचे प्राण वाचवू शकते. वारसा टाळता येत नाही. त्यातून उद्भवणारा कर्करोग मात्र बहुतांशी टाळता येतो.