बाळाला दोन, आजीला एक: फ्लूच्या लशीचा हिशेब

मे महिन्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. सात महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन आलेली आजी विचारते, "डॉक्टर, मला एकच सुई आणि या एवढ्याशा जिवाला दोन? काही उलटसुलट तर होत नाही ना?"

आजींची शंका रास्त आहे. तापाचं औषध वजन बघून देतात, बाळाला थेंब आणि मोठ्यांना गोळी, हेच आपण पाहत आलो आहोत. पण लस औषधासारखी थेट रोगावर काम करत नाही. ती शरीराला विषाणूची ओळख करून देते. त्यामुळे किती डोस लागतील हे वजनावर नव्हे, तर शरीराची या विषाणूशी आधी गाठ पडली आहे का, यावर ठरतं. मोठ्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी फ्लू होऊन गेलेला असतो. एक डोस म्हणजे त्याच्या शरीराला दिलेली आठवण. बाळाला मात्र सगळंच नवं. पहिल्या डोसने ओळख होते आणि दुसऱ्याने ती पक्की होते. म्हणून ६ महिन्यांपासून ९ वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलांना पहिल्यांदा लस देताना किमान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. पुढे दरवर्षी एक. नवव्या वर्षानंतर पहिल्यांदाच घेत असलात, तरी एकच पुरतो.

खरी गफलत होते ती दुसऱ्या डोसच्या वेळी. बाळाला सर्दी झाली, मधे लग्न आलं, गावी गेलो, आणि दुसरा डोस राहून गेला. मग घरात ठरतं, "मागच्या वर्षी एक झालाय, यंदा एक दिला की दोन झाले." असं जमत नाही. पहिल्या हंगामात एकच डोस मिळालेल्या मुलाला पुढच्या हंगामात पुन्हा दोन द्यावे लागतात. दोन डोसच्या मधेच मुलाला नऊ वर्षं पूर्ण झाली, तरी दुसरा चुकवायचा नाही.

"बाळाला अर्धाच डोस देतात" ही समजूत मात्र अगदीच निराधार नाही. पूर्वी तीन वर्षांखालच्या मुलांना ०.२५ मिली देत असत. आता बहुतेक लशींचा डोस सहा महिन्यांपासून सगळ्यांना ०.५ मिलीच असतो. काही लशींचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून त्या-त्या लशीच्या माहितीपत्रकाप्रमाणेच चालावं. मोठ्यांच्या डोसमधून बाळासाठी अर्धा काढून देण्याचा हट्ट धरू नये.

आणखी एक गैरसमज लसीकरण कार्डातून जन्मतो. कार्डावर 'हिब' असतं, त्याचं पूर्ण नाव 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी'. ते वाचून अनेक आईवडील निर्धास्त होतात, की हिब असलेल्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीतच फ्लूची लस झाली. पण हिब हा जीवाणू आहे. तो मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत असा जीवाणू सापडला आणि फ्लूचं कारण हेच, असं त्यांनी मानलं. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा करता आला तो १९३३ मध्ये. चूक कळली, नाव तसंच राहिलं, आणि आज ते आपल्या घराघरांत घोटाळा करतंय. सरकारी कार्यक्रमातल्या बाळांच्या नेहमीच्या लशींत फ्लूची लस येत नाही, ती वेगळी मागून घ्यावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी देण्याची शिफारस करते. दमा किंवा हृदयविकार असेल, तर त्यापुढेही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचं संरक्षण आईकडून येतं. गरोदरपणी कोणत्याही महिन्यात इंजेक्शनने दिलेली फ्लूची लस चालते आणि तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडं बाळापर्यंत पोहोचतात. "पोटात बाळ असताना सुई नको" म्हणणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगायला हवं.

आणि आजी? वयाबरोबर शरीराचा प्रतिसाद मंदावतो. त्यावर उपाय म्हणून काही देशांत पासष्टीपुढच्यांना जास्त ताकदीची लस देतात. नेहमीच्या लशीत विषाणूच्या प्रत्येक प्रकारामागे १५ मायक्रोग्रॅम घटक असतो, तर हिच्यात ६०. ती मिळाली नाही म्हणून साध्या लशीचे दोन डोस घेण्यात अर्थ नाही. दरवर्षी एक साधी लस, वेळेवर, हेच खरं. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू निष्क्रिय केलेला असल्याने तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण राहील, इतकंच.

राहिला वेळेचा प्रश्न. "थंडीत घेऊ" हा सल्ला युरोप-अमेरिकेत ठीक. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर असतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, आणि बाळाच्या दोन डोसमधे चार. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत बाळ सुरक्षित हवं असेल, तर पहिला डोस मेच्या सुरुवातीलाच पडायला हवा. तो झाला, की दवाखान्यातून निघण्यापूर्वी दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून घ्या.