तिवई, टीपॉय आणि कॉफी-टेबल : नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी काही विचार

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात सर्वपरिचित आहे, ते तेथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. अशा गावातील एखाद्या जुन्या घरात आपण गेलो, तर बुटक्या बैठकीच्या तीन वस्तू एकाच आढ्याखाली आढळू शकतात : देवघरात चौरंग, पाण्याच्या घागरीखाली तिवई आणि सोप्यात कोचासमोर टीपॉय. पहिल्या दोन वस्तूंना आपण घरच्या मानतो, तिसरीला परकी. ही समजूत कितपत यथार्थ आहे, आणि वस्तूच्या वारशाचा निर्णय केवळ तिच्या नावावरून करता येतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘तिवई’चे नाते संस्कृत ‘त्रिपद’, ‘त्रिपदिका’ या शब्दांशी आहे. दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे (दीप–दिवा, ताप–ताव) आणि ‘द’ लोप पावणे (पाद–पाय) हे मराठीच्या घडणीतील परिचित विकार होत. हिंदीतील ‘तिपाई’त मात्र ‘प’ टिकून राहिला आहे. कारण ‘तीन’ आणि फारसी ‘पाय’ यांचा तो मागाहून झालेला संयोग आहे. फारसी ‘पाय’ आणि आपला ‘पाय’ हेही अखेर एकाच कुळातले.

ही ‘तिपाई’ हिंदुस्थानातील इंग्रजांनी उचलली आणि तिचे ‘टीपॉय’ केले. ‘चारपाई’चे त्यांनी ‘चारपॉय’ केले, त्याच धर्तीवर. पुढे इंग्लंडात या शब्दाच्या पहिल्या अक्षरात लोकांना चहाचे इंग्रजी नाव ऐकू येऊ लागले, आणि चहाची पेटी ठेवलेल्या, एका खांबावर उभ्या असलेल्या मेजालाही हेच नाव मिळाले. लोकव्युत्पत्तीने शब्दाचा अर्थ कसा वळतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. चहाशी जोडलेला हा संबंध काल्पनिक असल्याचे यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नमूद केले आहे. मराठीत हा शब्द आला तो या प्रवासानंतर. त्याचा पुरावा शब्दाच्या अंगावरच आहे. ‘तिपाई’तील दंत्य ‘त’च्या जागी ‘ट’ आणि ‘पाई’च्या जागी ‘पॉय’, हे दोन्ही इंग्रजीच्या नाक्यावर बसलेले शिक्के होत. ज्याला आपण परका म्हणतो तो टीपॉय नावाने तरी तिवईचा आप्तच आहे.

परंतु येथे दुसरी बाजू उभी राहते. आज बाजारात मिळणाऱ्या टीपॉयला बहुधा चार पाय असतात. ‘तीन पायांची’ हा अर्थ नावात गोठून राहिला, वस्तूतून निघून गेला. ग्रीक भाषेत नेमके उलट घडले आहे. मेजाला तेथे ‘त्रापेझा’ म्हणत. त्याची फोड ‘चार पायांची’ अशी केली जाते. तथापि प्राचीन ग्रीकांची जेवणाची मेजे पुष्कळदा तीन पायांचीच असत.

आता आधुनिक कॉफी-टेबलाकडे वळू. या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना म्हणजे जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–१९८८) यांनी रचलेले मेज. हर्मन मिलर या अमेरिकन संस्थेने ते १९४७ साली विक्रीस आणले. त्याची उंची सुमारे १६ इंच. खाली लाकडाचे, वळणदार, अगदी एकसारखे दोन तुकडे. त्यांपैकी एक उलटा करून दुसऱ्याशी खुंटीने जोडलेला. वर गोलाकार कोपऱ्यांचा, त्रिकोणी घाटाचा जाड काचेचा फलक. दोन तुकडे एकमेकांशी कोन करून उभे राहिले की तिपायी आधार तयार होतो, आणि काच केवळ स्वतःच्या वजनाने त्यावर स्थिर राहते. नक्षी नाही, जोडणी झाकलेली नाही. रचना हीच शोभा, हे आधुनिकतावादाचे तत्त्व येथे डोळ्यांना दिसते.

तीन पायांची ही निवड अकारण नव्हे. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक, आणि एकच, प्रतल जाते. त्यामुळे शेणाने सारवलेल्या उंचसखल भुईवरही तिवई डुगडुगत नाही. चौरंगाचा एक पाय तसूभर आखूड राहिला, तर सुताराला पुन्हा रंधा हाती घ्यावा लागतो. तिवईचा दोष निराळा : दोन पायांच्या मधल्या कडेवर भार पडला की ती कलंडते. म्हणूनच तिच्यावर मधोमध बसणारी भरली घागर शोभते, आणि नोगुचींना जड काच उपयोगी पडते.

यावरून नोगुचींनी तिवईचे अनुकरण केले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. एकाच अडचणीला दोन ठिकाणी एकच उत्तर सुचू शकते. शब्दांचे नाते ध्वनिनियमांनी सिद्ध होते. वस्तूंचे नाते सिद्ध करण्यास निराळी साधने लागतात. १९०९ मध्ये रुडॉल्फ मेरिंगर आदी विद्वानांनी ‘शब्द आणि वस्तू’ याच नावाचे नियतकालिक सुरू केले, ते दोहोंचा अभ्यास जोडीने व्हावा म्हणून. तो अभ्यास केला की आपल्यापुढील विसंगती स्पष्ट होते : ज्याला आपण टीपॉय म्हणतो त्याला चार पाय आहेत, आणि ज्याला जग कॉफी-टेबल म्हणते ते खरोखरी तिवई आहे. नाव एकाकडे गेले, लक्षण दुसऱ्याकडे राहिले.

बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे. नळ आले, माजघरातील घागरी कमी झाल्या, आणि त्यांच्याबरोबर तिवईही अडगळीत जात आहे. वहीत केवळ ‘तिवई : तीन पायांची बैठक’ एवढे टिपून भागणार नाही. तिची उंची मोजावी, पायांचा कल रेखाटावा, ती कोणत्या भुईवर उभी होती आणि तिच्यावर काय ठेवीत, हे विचारावे. शब्द कोशात सुरक्षित राहील. वस्तू गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ मात्र कोशातून पुन्हा घडवता येणार नाही.