माणशी १४.२ घनमीटर हवा

कारखान्याच्या शेडचा नकाशा मंजुरीला जातो, तेव्हा यंत्रं कुठे बसणार आणि दारं किती, हे पाहतातच. पण आत राबणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हवा किती येईल, याचाही हिशेब होतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने, त्यानंतर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांसाठी, तो आकडाच ठरवून टाकला: माणशी १४.२ घनमीटर. अख्ख्या कायद्यात मला सर्वांत थक्क करतं ते हे सोळावं कलम.

करून बघा. शेड २० मीटर लांब, १० मीटर रुंद, छप्पर ६ मीटरवर. झाले १,२०० घनमीटर. भागाकार केला की ८४ माणसं बसतात. पण त्याच कलमात पुढे म्हटलं होतं, जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा धरायची नाही. मग उरतात ८४० घनमीटर आणि माणसं ५९! छप्पर कितीही उंच न्या, साठावा माणूस मावत नाही. उंच शेड बांधून खाली दाटी करण्याची वाटच बुजली. प्रत्येकाला जवळपास ३.४ चौरस मीटर जमीन मिळणं भाग होतं. आकडे असे अडनिडे, कारण मूळचं मोजमाप फुटांतलं: ५०० घनफूट आणि १४ फूट.

एवढ्या बारकाईने पाहणारा हा कायदा पाण्याच्या नळापाशीही थांबत होता. मुतारी, संडास, उघडं गटार यांच्यापासून पिण्याचं पाणी किमान ६ मीटर लांब हवं होतं, आणि त्यावर ‘पिण्याचे पाणी’ हे शब्द बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लिहिलेले हवे होते. चुना दिलेल्या भिंतींना निदान दर १४ महिन्यांनी पुन्हा चुना लागायला हवा होता. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर लागत असे.

हे नियम कुणाच्या कृपेने आले नाहीत. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचं पोर गिरणीत चालत होतं. मोठ्यांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती. १८८४मध्ये ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. मागण्या होत्या रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरल्या तारखेला पगार, आणि अपघात झाला तर भरपाई. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आज कारखान्याच्या फायलीत आठवडी सुट्टी, अर्ध्या तासाची विश्रांती, पगाराची मुदत असे रकाने दिसतात, तेव्हा ती यादी परळ-लालबागची आहे हे आठवतं.

१९४८ची ही चौकट आता बदलली आहे. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्या लेखी, विजेवर काम चालत असेल तर २० कामगारांपासून पुढे ‘कारखाना’, विजेविना ४०पासून. १९४८मध्ये हेच आकडे १० आणि २० होते. मला ही वाढ खटकते. पंधराजणांच्या वर्कशॉपमधल्या माणसालाही श्वास तेवढाच लागतो. दाटी होऊ नये इतकी जागा संहिताही मागते, पण मोजमाप नियमांवर सोपवते.

कारखान्याला लागणारे बाकीचे कागद सांगायला फार वेळ लागत नाही. प्रदूषण मंडळाची संमती दोनदा, उभारताना आणि चालवताना, अग्निशमनाचं ना-हरकत, कामगार विमा आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी.

एका नावापाशी मात्र थांबावं लागतं: भोगवटादार. कारखान्याची अंतिम जबाबदारी याची. कंपनी असेल तर तो संचालकांपैकीच एक असावा लागतो. पगारी मॅनेजरला त्या जागी पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात ठरवलं. मशीनच्या उघड्या पट्ट्यात कुणाचा हात गेला, तर खटल्यात आरोपी म्हणून संचालकाचं नाव येतं, मग तो त्या शेडमध्ये कधी फिरकला असो वा नसो.