परक्या शहरांतील टॅक्सीचा प्रवास

शालान्त परीक्षा संपली म्हणजे आपणांपैकीं पुष्कळांना पुढील शिक्षणाकरितां, एकाद्या प्रवेशपरीक्षेकरितां अथवा मुलाखतीकरितां मुंबईसारख्या मोठ्या शहरीं जावें लागतें. आगगाडींतून उतरेपर्यंत मन उत्साहानें भरलेलें असतें; परंतु स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच चहूंकडून 'टॅक्सी, टॅक्सी' असा पुकारा होऊं लागतो, कोणी हातांतील पिशवीसच हात घालतो, आणि एरवीं धीट असलेला मुलगाही क्षणभर गोंधळून जातो. इकडे घरीं आईबापांचा जीव सुखरूप पोहोंचल्याचा निरोप येईपर्यंत टांगलेला असतो. ही भीति कशी घालवावी, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम 'टॅक्सी' या शब्दाचाच अर्थ पाहूं. 'टॅक्सीमीटर' या नांवाचें हें संक्षिप्त रूप होय. म्हणजे भाडें मोजणाऱ्या यंत्रावरूनच गाडीस नांव मिळालें! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत घोड्यांच्या भाडोत्री गाड्यांस हीं यंत्रें बसविण्यांत आलीं. जेथें यंत्र नाहीं तेथें भाडें घासाघिशीनें ठरतें, आणि घासाघिशींत माहितगाराचें साधतें व परका नाडला जातो. यंत्रास मात्र गिऱ्हाईक गांवचें कीं परगांवचें हें कळत नाहीं. तें अंतर मोजतें व गाडी खोळंबल्यास वेळ मोजतें. तेव्हां परक्या माणसाचा खरा कैवारी कोणी असेल तर तो मीटरच होय.

ही गोष्ट मीं अनुभवानें शिकलों. तरुणपणीं मुंबईच्या एका मोठ्या स्टेशनावर उतरलों असतां एका गृहस्थानें माझी ट्रंक उचलली व मला एका गाडींत नेऊन बसविलें. भाडें त्यानें तोंडीं सांगितलें. 'मीटर कां लावीत नाहीं?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण विचारल्यास आपण खेडवळ ठरूं, या लाजेनें मी गप्प बसलों. परत येतांना मीटरच्या गाडीनें आलों, तेव्हां त्याच अंतरास तिसरा हिस्साही पैसे पडले नाहींत. त्या माणसानें मला जितकें फसविलें, तितकेंच माझ्या लाजेनेंही फसविलें.

म्हणून पहिला नियम हा कीं, निघण्यापूर्वीं माहिती मिळवावी व विचारण्यास लाजूं नये. जावयाच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, जवळची एकादी ठळक खूण, आणि स्टेशनच्या पूर्वेस उतरावयाचें कीं पश्चिमेस, हें कागदावर लिहून घ्यावें. दादरला चुकीच्या बाजूस उतरलेल्या प्रवाशाची गाडी रूळ ओलांडण्यासाठीं पुलावरून वळसा घालते, आणि त्या वळशाचे पैसे प्रवाशासच द्यावे लागतात. रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत व पूर्वेकडे शीवपर्यंतच चालतात. त्याच्या दक्षिणेस टॅक्सीच करावी लागते, हेंही ध्यानांत असावें.

दुसरा नियम गाडीच्या निवडीसंबंधीं. आपणहून पाठीस लागणाऱ्या माणसाबरोबर न जातां अधिकृत तळावरील गाडी घ्यावी. मुंबईची टॅक्सी काळ्या-पिवळ्या रंगाची असते. भाडोत्री वाहनाची पाटी पिवळी व तीवरील अक्षरें काळीं असतात. विजेवर चालणाऱ्या भाडोत्री गाडीची पाटी हिरवी व अक्षरें पिवळीं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्यानें देऊं लागल्यास नम्रपणें नकार द्यावा. मोबाईलवरून गाडी मागविल्यास पडद्यावरील क्रमांक पाटीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. तो जुळल्यावरच आंत बसावें, आणि मगच संकेतांक सांगावा.

तिसरा नियम हिशेबाचा. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणें मुंबईंत टॅक्सीचें पहिल्या दीड किलोमीटरचें भाडें ३१ रुपये, व पुढें दर किलोमीटरास २० रुपये ६६ पैसे असें ठरलें. आतां पांच किलोमीटरचा हिशेब करूं. पहिला दीड किलोमीटर वजा जातां साडेतीन उरले. त्यांचे सुमारे ७२ रुपये. त्यांत ३१ मिळवितां १०३ रुपये झाले. मध्यरात्रीपासून पहांटे पांचपर्यंत सव्वापट आकार पडतो. हे दर वेळोवेळीं बदलतात. म्हणून प्रवासापूर्वीं ते पाहून घ्यावे व असें सोपें गणित मनांत करून ठेवावें. मग कोणी पांचशे मागितल्यास चेहऱ्यावर गोंधळ दिसणार नाहीं. बसतांच 'मीटरनें चला' असें शांतपणें म्हणावें, व आंकडा प्रारंभापासून सुरू होतो कीं नाहीं हें पाहावें. सुटे पैसे जवळ असावेत.

चौथा नियम सुरक्षिततेचा. बसण्यापूर्वीं गाडीचा क्रमांक घरीं कळवावा. मागील आसनावर बसावें, आणि दार आंतून उघडतें कीं नाहीं हें आधींच पाहून ठेवावें. आपण शहरांत नवखे आहों, एकटे आहों, कोठें उतरलों आहों, हें सर्व बोलण्याच्या ओघांत सांगूं नये. वाटेंत दुसरा अनोळखी माणूस गाडींत घेऊं देऊं नये. रस्ता भलताच वाटल्यास प्रथम कारण विचारावें. समाधान न झाल्यास वर्दळीच्या व उजेडाच्या जागीं गाडी थांबवून उतरावें. संकट जाणवल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. उतरतांना सामान मोजून घ्यावें. चालकानें विनाकारण भाडें नाकारल्यास तो मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वयें अपराध आहे. परंतु भररस्त्यांत भांडण न करतां क्रमांक टिपून वाहतूक पोलिसांस सांगणें हेंच शहाणपणाचें.

इतकें सांगितल्यावर एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सावधपणा निराळा आणि संशय निराळा. मुंबईचे कित्येक टॅक्सीवाले स्वतःच दूरच्या खेड्यांतून, विशेषतः उत्तर प्रदेशांतून, पोटासाठीं आलेले असतात. एके काळीं तेही याच स्टेशनावर आपल्यासारखेच बावरून उभे होते! त्यांच्याशीं 'भाईसाहेब' म्हणून आदरानें बोलावें, ठरलेलें भाडें बिनतक्रार द्यावें, व उतरतांना आभार मानावे. विसरलेली पिशवी धन्यास शोधून परत देणारे चालकही याच शहरांत आहेत.

पालकांसही एक विनंती आहे. मुलास एकदम दूर धाडण्याऐवजीं, पुढच्या वेळीं शहरीं गेल्यावर आपण शेजारीं बसावें, आणि पत्ता सांगणें, मीटर पाहणें व भाडें चुकविणें हें त्याच्याकडून करवून घ्यावें. मुलींकडूनही तेंच करवून घ्यावें. त्यांना तर त्याची अधिकच गरज आहे. असें दोनदां घडलें कीं तिसऱ्या खेपेस पाल्य एकटा निघाला तरी घरच्यांस झोंप लागेल.